हरणाऱ्यांच्या बाजूची मावशी

माझ्या थोरल्या मावशीबरोबर टीव्हीवर सामना बघायला बसणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं. सामन्याच्या दिवशी काका हमखास शेजारी काहीतरी काम काढायचे आणि तिथल्या टीव्हीवर सामना बघून यायचे.

मावशीची अडचण अशी, की ती कुठल्याच संघाची नव्हती. हात पुसत बाहेर यायची, खुर्चीत टेकायची आणि विचारायची, "कोण हरतंय?" उत्तर मिळालं की तो संघ तिचा. खेळ कोणता, खेळतंय कोण, नियम काय, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. एकदा फुटबॉलच्या सामन्यात पिवळे शर्टवाले तीन गोलांनी मागे होते. मावशीने तासभर त्यांची बाजू लावून धरली. पंच आंधळा आहे, निळे नुसते दांडगट आहेत, पिवळ्यांचा गोलकीपर अंगाने बारीक आहे, त्याला घरी कोणी खायला घालत नसणार. मग पिवळ्यांनी एक गोल केला, पाठोपाठ दुसरा, तिसरा. काका त्या दिवशी चुकून घरीच होते. ते म्हणाले, "घे, तुझे पिवळे आले बरोबरीत." पिवळ्यांनी चौथा गोल केला तेव्हा तिने निळ्यांकडे बघून सुस्कारा सोडला.

"बिचारे. किती दमलेत बघा."

"अगं, पण तू पिवळ्यांची ना?"

"होते. आता त्यांना माझी काय गरज आहे?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि शेजारी निघून गेले.

हे नुसतं टीव्हीपुरतं असतं तर निभावलं असतं. पोस्टात चार खिडक्या असतील तर जिथली कारकून बाई सगळ्यात सावकाश काम करते तिथे मावशी उभी राहायची, कारण तिच्यासमोर कोणी जात नाही. बाजारातून वाकड्या काकड्या आणायची. वाचनालयातून आणलेली कादंबरी नायकाचे हाल चालू आहेत तोवर जेवताना, झोपताना हातात. त्याचे दिवस पालटले की पुस्तक माझ्या अंगावर. "पुढचं तू वाच. आता त्याचं बरं चाललंय."

काकांची निवडही अशीच झालेली. मावशी ब्लँकेटच्या गिरणीत नुकतीच लागली होती आणि तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक विणकाम खात्यातला, गाणारा, केस मागे वळवणारा. दुसरे आमचे काका, रंगखात्यात बादल्या ढवळणारे, ज्यांच्या बोटांचा रंग आठवड्यागणिक बदलायचा. गिरणीच्या वार्षिक क्रीडादिनाला दोघंही धावण्याच्या शर्यतीत उतरले. गाणारा पहिला आला. बाकीचेही आले. बक्षीस देऊन झालं, शेवटच्या रेषेवरची फीत गुंडाळून झाली, आणि मग एक बूट हातात धरून काका आले. फीत गुंडाळणाऱ्या माणसाला म्हणाले, "जरा धरता का परत?" त्याने धरली. काका छाती पुढे काढून तिच्यातून गेले. मावशी मैत्रिणीला म्हणाली, "हा."

पुढे काका रंगखात्याचे मुकादम झाले, लोक त्यांना विचारून रंग ठरवू लागले. मावशी अजूनही तक्रारीच्या सुरात सांगते, "लग्न केलं तेव्हा असे नव्हते हो."

मी त्यांच्याकडे राहायला आले ते त्याच गिरणीत मला नोकरी लागली म्हणून. मी ऑफिसात, हजेरीच्या खिडकीवर. त्यांचा मुलगा बाहेर शिकायला गेला होता, त्याची खोली रिकामी होती. मी तिशीला आलेली, चष्मा लागलेली बाई, पण मावशीसाठी 'चिमणे' ती 'चिमणे'च, खिडकीपुढे माणसं रांगेत उभी असली तरी.

मावशी घडीखात्यात. म्हणजे धुऊन, वाळून, विंचरून आलेली ब्लँकेटं ज्या लांबच लांब टेबलांवर घडी होतात ते खातं. तिथे सगळ्या चाळिशीच्या पुढच्या बायका. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, ब्लँकेटची टोकं धरतात, मागे झुकून ताणतात, एकीने "एक... आणि घडी" म्हटलं की दोघी एकदम जवळ येतात. दिवसाला शेकडो. वर्षानुवर्षं.

आता क्रीडादिनाची रस्सीखेच. प्रत्येक खात्याने आठ माणसं द्यायची. दरवर्षी जिंकणार कोण हे सगळ्यांना ठाऊक असायचं: गोदाम. दिवसभर गाठोडी ट्रकमध्ये चढवणारे गडी ते, आणि त्यांचा म्होरक्या इतका उंच आणि सरळ, की त्याला 'खांब' म्हणायचे. पहिल्याच फेरीत बाहेर कोण पडणार हेही ठाऊक असायचं: घडीखातं. त्यांची पाळी आली की लोक चहाला उठायचे. लाऊडस्पीकरवर मोठे साहेब स्वतः बोलायचे, त्यांना विनोदाची हौस होती. "आणि पुन्हा एकदा घडीखात्याची घडी बसलेली आहे," असं ते म्हणायचे, बायका गवतावर बसलेल्या असायच्या, आणि मैदान हसायचं. हा विनोद त्यांनी सलग अकरा वर्षं केला.

अकराव्या वर्षी मावशी संघात होती. घरी आली ती तळहाताला साल गेलेली. मी मलम लावत होते आणि ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती.

"चिमणे, ते गोदामवाले ओढतात कसे बघितलंस?"

"जोरात."

"जोरात, पण आठ जण आठ वेळेला. एक ओढतो तेव्हा दुसरा श्वास घेतो. आम्ही ब्लँकेट कधी ओढतो का? आम्ही नुसत्या मागे झुकतो. ओढतं ते आमचं वजन."

"तुमचं आठ जणींचं वजन काही कमी नाही," काका आतून म्हणाले.

नेहमी या वाक्यावर घरात काहीतरी पडलं असतं. त्या दिवशी मावशी म्हणाली, "तेच म्हणते मी."

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत घडीखात्याचं दार आतून बंद होऊ लागलं. आत काय चाललंय ते मला घरी कळायचं. ब्लँकेटांना पीळ देऊन दोर केला होता, एक टोक खांबाला, म्हणजे छताच्या खांबाला, बांधलं होतं, आणि आठ बायका त्याला धरून मागे झुकून उभ्या राहत होत्या. ओढायचं नाही. फक्त उभं राहायचं. आधी अर्धा मिनिट, मग एक, मग दोन. सामन्यात समोरच्यांचा दम गेला की मावशीने "एक... आणि घडी" म्हणायचं आणि सगळ्यांनी मिळून एकच पाऊल मागे टाकायचं. मग पुन्हा उभं. काकांनी रंगखात्यातले जुने गमबूट आणून दिले, त्यांचे तळवे गवताला चिकटतात म्हणून.

इथवर सगळं सरळ होतं. पुढच्या क्रीडादिनाच्या आदल्या आठवड्यात मावशीने जे केलं ते मात्र सरळ नव्हतं. अख्खं घडीखातं लंगडायला लागलं. कोणाच्या गुडघ्याला पट्टी, कोणाच्या मनगटाला, आणि आठही जणींच्या अंगाला दुखण्यावरच्या मलमाचा असा वास, की त्या व्हरांड्यातून गेल्या की मागे पाच मिनिटं डोळे चुरचुरायचे.

"ही लबाडी आहे," मी म्हटलं.

"आम्ही कोणाला काही सांगितलंय का? वास येतो. वास काही बोलत नाही."

सोडत निघाली तेव्हा पहिल्याच फेरीत घडीखात्यासमोर गोदाम आलं. लोक चहाला उठले. खांब मनाने फार चांगला माणूस. दोर हातात घेण्याआधी तो आपल्या गड्यांना म्हणाला, आणि हे मी कडेला उभी राहून माझ्या कानांनी ऐकलं, "बाईमाणसांना लागेल. जरा बेताने ओढा."

ते बेताने ओढायला लागले. दोर हलेना. मग जरा जोर लावला. तरी हलेना. मग एकेकाने आपापला सगळा जोर लावला. समोर आठ बायका गमबूट रोवून मागे रेललेल्या, चेहऱ्यावर काही नाही, जणू दुपारी ओसरीवर टेकल्यात. दोन मिनिटं झाली. गोदामाच्या माना लाल झाल्या. मग मावशीचा आवाज आला, घरी मीठ संपलंय हे सांगावं तितका शांत. "एक... आणि घडी." दोर एक वीत सरकला. "एक... आणि घडी." अजून एक. चहाला गेलेले लोक कप तसेच टाकून धावत आले. सातव्या घडीला खांब आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या पुढे पालथा पडला.

त्या दिवशी मैदानाने जे केलं ते मी विसरणार नाही. ऑफिसचे लोक विणकामवाल्यांच्या गळ्यात पडत होते. ज्यांचा घडीखात्याशी काही संबंध नव्हता ते 'आपण जिंकलो' म्हणत होते. अंतिम फेरी होईपर्यंत सगळी गिरणी घडीखात्याची झाली होती, आणि चषक मिळाला तेव्हा मोठ्या साहेबांना विनोद सुचला नाही.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा जिंकल्या. टाळ्या भरपूर पडल्या. त्याच्या पुढच्या वर्षी जिंकल्या तेव्हा टाळ्या पडल्या, पण हाताला हात लावल्यासारख्या, आणि मागून कोणीतरी बारीकशी शिट्टी मारली. साहेब आता लाऊडस्पीकरवर 'आपल्या अजिंक्य भगिनी' म्हणत होते. अजिंक्य भगिनींचंही थोडं डोकं फिरलं होतं. त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणजे कडक काकू. तिने घातलेली घडी पुठ्ठ्यासारखी उभी राहायची म्हणून हे नाव. तिने तिन्ही चषक टेबलाच्या मधोमध मांडले होते आणि ब्लँकेटं त्यांच्या कडेने घडी करावी लागत होती. संघाला एकसारखे शर्ट हवेत असं तिचं म्हणणं होतं. शिवाय गोदामातला कोणी पोटमाळ्याची शिडी मागायला आला तर ती विचारायची, "उचलवेल का तुम्हाला?"

मावशी मात्र त्या विजयाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ढवळत बसली होती, साखर कधीच विरघळली तरी.

"काल तो खांब पडला ना," ती म्हणाली, "उठला आणि शर्ट झटकत राहिला. किती वेळ. झटकायला काही नव्हतं."

"पाडलं कोणी?" काकांनी विचारलं.

"तेच तर."

"मग पुढच्या वर्षी ओढू नकोस."

"असं कसं? कडक काकूला काय सांगू?"

काका माझ्याकडे वळले. "हिला आता स्वतःच्याच विरुद्ध जायचंय. तीस वर्षं वाट बघत होतो, हे कधी होणार म्हणून."

ते गमतीने बोलले, पण मावशीने चमचा खाली ठेवला. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

चौथ्या वर्षी क्रीडादिनाला दीड महिना होता तेव्हा ती माझ्या हजेरीच्या खिडकीत येऊन कोपर टेकून उभी राहिली. "चिमणे, तुमच्या ऑफिसात आठ माणसं आहेत का?"

"एकवीस आहेत."

"रस्सीखेचीला उतरतील अशी."

ऑफिसचा संघ गेली कित्येक वर्षं पूर्ण भरलाच नव्हता. पाच-सहा जण जमायचे, आणि पंच त्यांना खेळायला परवानगी द्यायची की नाही हे ठरवेपर्यंत ते निघून जायचे. लोक चहाला उठायचे तेसुद्धा घडीखात्याच्या वेळी. ऑफिसच्या वेळी उठायची गरज नव्हती, कारण काही घडायचंच नाही. हे सगळं मी सांगत गेले तसतसा मावशीचा चेहरा फुलत गेला.

आमचे मुख्य कारकून उंच, सडपातळ, कॉलरला कायम दोन-तीन टाचण्या खोचलेल्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीसाहेब म्हणत. मी भीत भीत विषय काढला. त्यांनी पेन बंद केलं आणि म्हणाले, "सदर प्रशिक्षणाबाबत घडीखात्याची हरकत नाही ना?"

"त्यांना माहीत नाही."

"म्हणजे हरकत नोंदवलेली नाही," ते म्हणाले आणि कोट काढला.

अशी आमची तालीम जुन्या फायलींच्या खोलीत सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीचा पहिला अर्धा भाग मावशी आपल्या संघाला द्यायची आणि 'जरा पोस्टात जाऊन येते' म्हणून दुसऱ्या अर्ध्यात आमच्याकडे. तिच्या शिकवण्यात फसवाफसवी नव्हती. जे त्यांना ते आम्हाला. झुका, ओढू नका, गुडघे ढिले, बोटं ढिली नकोत. टाचणीसाहेब सगळ्यात मागे, दोर कमरेला. पहिल्या दिवशी ते कपाटासकट मागे गेले. पण त्यांचं एक होतं, माणूस चिवट. "एक... आणि घडी" हे आम्हाला म्हणता येईना, ते त्यांचं. टाचणीसाहेबांनी विचार करून "एक... आणि फाईल" असं ठरवलं.

दोन आठवडे हे चाललं. मग एक दिवस खोलीचं दार उघडलं आणि कडक काकू आत आली. तिलाही पोस्टात जायचं होतं, मावशीबरोबरच जावं म्हणून ती मागोमाग निघाली होती, आणि मावशी पोस्टाच्या उलट दिशेला वळलेली तिने बघितली.

आम्ही आठ जण दोर धरून झुकलेले. कोणी हललं नाही. हललो असतो तर पडलो असतो.

"तू ह्यांना शिकवतेस," कडक काकू म्हणाली.

"हो."

"आपलं सगळं."

"हो."

"आणि आम्ही?"

"तुमच्याकडून मी ओढणार. जीव तोडून ओढणार, त्यात काडीचा फरक करणार नाही. अगं, आपण दोर हातात घेतला की लोक आता घड्याळ बघतात. तुला दिसत नाही का?"

"मला चषक दिसतात," कडक काकू म्हणाली. "अकरा वर्षं लोक हसले, मी होते सगळी अकरा वर्षं. तू एकच होतीस. मला अजून आठ वर्षं जिंकायचंय, मग घड्याळ बघू देत."

या बोलण्यात खोट काढता येईना. कडक काकू दार लावून गेली. तिने बाकीच्या सहा जणींना सांगितलं, पण साहेबांकडे गेली नाही. फक्त त्या दिवसापासून घडीच्या टेबलावर मावशीच्या समोर उभं राहायला कोणी तयार होईना, आणि मावशी एकटीच ब्लँकेटची दोन टोकं हनुवटीखाली दाबून घडी घालत राहिली. तालमीला मात्र सगळ्या यायच्या. पूर्वीपेक्षा दुप्पट रागाने यायच्या, त्यामुळे तयारीही दुप्पट झाली.

क्रीडादिनाला आम्ही आठ जण आहोत हे बघूनच पंचांनी दोनदा मोजलं. पहिल्या फेरीत आम्ही विणकामाला हरवलं तेव्हा लोकांना वाटलं काहीतरी चूक झाली. दुसऱ्या फेरीत रंगखातं. काकांच्या खात्याला हरवताना मला जरा वाईट वाटलं. काका कडेला उभे राहून टाळ्या वाजवत होते, बहुधा दोन्ही बाजूंसाठी. तिकडे घडीखात्याने गोदामाला पुन्हा पालथं पाडलं. आणि अंतिम फेरीला समोरासमोर आलो घडीखातं आणि ऑफिस.

शिट्टी वाजली. आम्ही झुकलो. त्याही झुकल्या.

आणि काहीच झालं नाही.

मिनिट झालं, दोन झाली, चार झाली. दोन्ही बाजूंना मिळून सोळा माणसं मागे रेललेली, समोरच्याचा दम जायची वाट बघत. दोराच्या मधोमध बांधलेला रुमाल चित्रातल्यासारखा स्थिर. एक कावळा दोरावर बसायच्या विचारात दोनदा घिरटी घालून गेला. लाऊडस्पीकरवर साहेब म्हणाले, "चुरशीची लढत," आणि मग त्यांनाही पुढे काय बोलावं कळेना. पंचांनी वाकून दोर तपासला, कुठे बांधलेला तर नाही ना म्हणून.

माझ्या बाजूने सगळ्यात पुढे मी होते, त्यांच्या बाजूने मावशी. मध्ये चार पावलांचं अंतर. सहाव्या मिनिटाला ती म्हणाली, "चिमणे, गॅस बंद केला होतास ना?"

"केला होता."

"आणि गच्चीचं दार?"

"ते तू लावणार होतीस."

"मी? मी बूट घालत होते."

मागून टाचणीसाहेबांचा आवाज आला, दात आवळलेला. "उत्तर देऊ नका. विरुद्ध पक्ष आपला श्वास खर्च करवून घेतोय. सध्या जैसे थे परिस्थिती राखा."

नववं मिनिट. मावशीच्या मागे कडक काकूचा गमबूट घसरला आणि दोर आमच्याकडे हातभर आला. मैदान एकदम उठलं. "ऑफिस, ऑफिस," सगळीकडून एकच. गोदाम ओरडत होतं, विणकाम ओरडत होतं, खांब तर दोन्ही हात हवेत उंचावून नाचत होता. दोर अजून वीतभर आला. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी घडीखात्यासाठी घसे फोडले होते त्यांच्यापैकी एकही माणूस त्या क्षणी त्यांच्या बाजूला नव्हता.

मावशीने तो आवाज ऐकला. मान वळवून तिने मागे बघितलं. कडक काकू लाल झाली होती, डोळ्यांत पाणी होतं, पण हात सोडत नव्हती. मावशी पुन्हा माझ्याकडे वळली, आणि त्या चेहऱ्याची मला खरोखर भीती वाटली. मी तो ओळखत होते. तीन गोलांनी मागे असलेल्या पिवळ्यांसाठी तो चेहरा व्हायचा. तिला आत्ता, इतक्या वर्षांनी, तिचा संघ सापडला होता, आणि तो तिच्या पाठीमागेच उभा होता.

"एक," मावशी म्हणाली, आणि हा मीठ संपल्याचा आवाज नव्हता, "आणि घडी."

हातभर गेलेला दोर एका झटक्यात परत गेला. दुसऱ्या घडीला रुमाल त्यांच्या बाजूला. माझे बूट गवत उकरत पुढे निघाले. तिसऱ्या घडीला मला वाटलं संपलं. पण टाचणीसाहेब कमरेला दोर गुंडाळून जमिनीवर जवळजवळ आडवे झाले होते आणि एकवीस वर्षं ज्या माणसाचा आवाज शेजारच्या टेबलापलीकडे गेला नव्हता तो ओरडला, "एक... आणि फाईल." आम्ही पाऊल मागे टाकलं. मग ते, मग आम्ही, मग ते. चौदाव्या मिनिटाला केव्हातरी पंचांची शिट्टी वाजली तेव्हा मला कळलंच नाही कोण जिंकलं. मी गवतात तोंड खुपसून पडले होते. कोणीतरी मला उचललं आणि म्हणालं, ऑफिस.

मावशी पाठीवर पडून आभाळाकडे बघत होती. मला वाटलं, आता ही हसेल. हेच तर तिला हवं होतं. मी जवळ गेले. ती कोपरावर उठली आणि पंचांना म्हणाली, "तीनपैकी दोन असतं ना?"

"एकच असतं, बाई."

"एकदा विचारून बघा कोणालातरी."

घरी दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. जेवताना भाजीचं भांडं काकांकडे सरकवायची. मी हात पुढे केला की म्हणायची, "जिंकलेल्या माणसांना वाढून घेता येतं." काका ताटात बघून हसत होते आणि ताट संपत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती कामावरून आली ती वेगळीच. कडक काकू टेबलापाशी तिच्या समोर येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "झालं समाधान?" मावशी म्हणाली, "नाही." मग कडक काकूने ब्लँकेटची दुसरी दोन टोकं उचलली. एवढंच. संध्याकाळपर्यंत दोघींनी मिळून इतर कोणाहीपेक्षा जास्त घड्या घातल्या आणि जेवणाच्या सुट्टीत घडीखात्याचं दार आतून बंद करून घेतलं.

त्या आठवड्यातच खांब घडीखात्याच्या दारात येऊन उभा राहिला. आत यायला त्याला वाकावं लागलं. म्हणाला, "बाई, आम्हालाही शिकवाल का?"

"किती वर्षं हरताय?"

"चार."

मावशीने कडक काकूकडे बघितलं. कडक काकू छताकडे बघत होती. "माझी जेवणाची सुट्टी ह्यांची आहे," मावशी म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी भोंग्यानंतर या. आणि मलम आणू नका, ते आमचं वापरून झालंय."

खांबाचं ऐकून विणकाम आलं. विणकामाचं ऐकून रंगखातं आलं. काकांना तिने घरीच, स्वयंपाकघरात, दाराच्या कडीला पंचा बांधून शिकवलं. पुढच्या क्रीडादिनाला सगळ्या गिरणीला झुकून उभं राहता येत होतं. पहिल्या फेरीचा पहिला सामना एकतीस मिनिटं चालला. दुसरा संपलाच नाही. ऊन वाढलं आणि पंचांनी दोन्ही संघांना दोर सोडून द्यायची विनंती केली. बायकापोरं घेऊन आलेली माणसं अंथरूण पसरून आडवी झाली. साहेबांनी लाऊडस्पीकर बंद केला आणि त्यानंतर गिरणीच्या क्रीडादिनात रस्सीखेच कधीच झाली नाही. तिच्या जागी लिंबू-चमच्याची शर्यत आली.

त्या शर्यतीत पहिल्या वर्षी सगळ्यांना हुरूप यावा म्हणून मोठे साहेब स्वतः उतरले. सुटाबुटात, तोंडात चमचा. दुसऱ्याच पावलाला त्यांचं लिंबू पडलं. त्यांनी ते उचललं, ठेवलं, ते पुन्हा पडलं आणि घरंगळत खुर्च्यांखाली गेलं. बाकीचे सगळे पोचून टाळ्या घेऊन मोकळे झाले होते. साहेब खुर्च्यांखाली हात घालून लिंबू शोधत होते आणि मैदान, इतक्या वर्षांचं साठलेलं, पोट धरून हसत होतं.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. मावशी उठून कडेच्या दोरीपाशी गेली होती.

"उजवीकडे बघा, साहेब," ती ओरडत होती. "उजवीकडे, पायाशी. घ्या उचलून. काही घाई नाही, आम्ही थांबलोय."